गेनूकाकांची मीटरं

आमच्या शेजारच्या गेनूकाकांची सायकल अख्ख्या अवसरीत ओळखतात, कारण तिच्या हँडलवर वेग दाखवणारी दोन मीटरं आहेत. इलेक्ट्रॉनिक, काडेपेटीएवढी, वायरवाली. आता बाजारात मिळत नाहीत अशी. एकाचं लोहचुंबक पुढच्या चाकाच्या स्पोकला, दुसऱ्याचं मागच्या. दोन्हींवर वेग अर्थातच तोच.

"काका, एकात भागत नाय का?" पारावरून कुणीतरी रोज विचारतं.

"तुला दोन डोळं कशाला रं?" म्हणत काका पुढे जातात. जाता जाता वेगही जाहीर करतात, "बारा पूर्णांक चार!"

काका निवृत्त वायरमन. पावसाळ्यात मीटरच्या जोडांना मेणबत्तीचं मेण लावतात, वायर तुटली तर दारावरच्या बेलची जोडतात. मंचर किती लांब, असं त्यांना विचारू नये. "पारापासून का माझ्या फाटकापासून?" असा उलट प्रश्न येतो.

मी फारशी कुणाशी बोलत नाही. पण मी इंग्लिश मीडियमची, म्हणून मीटरसोबत आलेला माहितीचा इंग्रजी कागद वाचायला काका मलाच बोलावतात. असंच एकदा वाचताना दुसरं मीटर कुणाचं ते काकांनी सांगितलं.

ते निमगाव सावाच्या बबनकाकांचं. दोघं एकत्र नोकरीला. सारख्या सायकली, सारखी मीटरं, आणि जास्त किलोमीटर कुणाचे यावरून कायमची चुरस. मग बबनकाकांना अर्धांगवायू झाला. सायकल सुटली, तेव्हा ते दोनशे एकोणीस किलोमीटरनी पुढे होते. गेनूकाका त्यांचं मीटर घेऊन आले आणि आपल्या मागच्या चाकाला लावलं.

"पडलेल्या गड्याला हरवण्यात काय मजा?" म्हणाले.

सायकल एकच, त्यामुळे फरक हलतच नाही. पायडल मारता मारता काका करवादतात, "खाटंवर पडून म्होरं हाय लेकाचा!" दर रविवारी फोनवर दोन्ही आकडे कळवले जातात.

गेल्या आठवड्यात बबनकाकांच्या मीटरचे आकडे फिके पडले. सेल बदलायचा होता. पण या जुन्या मीटरांचा सेल क्षणभर जरी सुटला तरी इतक्या वर्षांचा एकूण आकडा पुसला जातो. म्हणून दुसरा सेल बाहेरून दोन वायरींनी जोडून धरायचा, मग आतला काढायचा. काकांचा हात हल्ली थरथरतो.

"तू धर, पोरी."

मी श्वास रोखून वायरी धरल्या. काकांनी सेल काढला आणि माझ्या बोटांतली एक वायर निसटली.

घाईनं पुन्हा टेकवली, तर पडद्यावर शून्य.

"सॉरी," मी पुटपुटले. काकांनी खिशातून नाणं काढलं, स्वतःच्या मीटरचं झाकण फिरवलं आणि चांगला चालणारा सेल तळहातावर पाडला.

"काका! तुमचं कशाला?"

"मंग? मी एकटाच म्होरं राहू?"

लगेच फोन लावला. "बबन्या, घोटाळा झाला. दोघांचीबी मीटरं उडाली. आता पहिल्यापासनं."

पलीकडून जड जिभेचे तुटक शब्द आले. "मंग... या टायमालाबी... मीच जिंकणार."

"जिंक की," काका म्हणाले. "पायडल मी मारतो, तू जिंक."

नवा सेल त्यांनी बबनकाकांच्या मीटरमध्ये बसवला आणि सायकलवर टांग टाकली. स्वतःचा सेल मात्र शर्टाच्या खिशात टाकला; त्यांचं मीटर बंदच राहिलं.