अकरातली बारावी प्रत

गांगुर्डे मास्तर भर दुपारी गच्चीवर उभे राहून हजेरी घेत. समोर एकही मूल नसे.

"सोमा." मग मान किंचित कलती, जणू लांबून उत्तर येतंय. "यमुना." पुन्हा मान. "हिरामण." अशी अकरा नावं. संपली की परत पहिल्यापासून. उन्हाळ्यात तीन हजेऱ्या, थंडीत चार. शेवटचं नाव झालं की मास्तर पायाशी ठेवलेली काच झटकन उचलत, खालची लाकडी चौकट काळ्या कापडात गुंडाळत आणि मोरीकडे पळत सुटत. साठीच्या माणसाने इतकं पळू नये.

कॉलेजसाठी शहरात आलो आणि भद्रकाली भागातल्या त्या घरात कॉट भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि घाबरलो. घरमालकीण ताराकाकू तिथेच पापड वाळत घालत होत्या.

"वेडे नाहीत रे ते," त्या म्हणाल्या, "छापखाना आहे त्यांचा. घड्याळ घ्या म्हटलं तर म्हणतात, घड्याळाला ऊन कळत नाही. आता मीसुद्धा चहा त्यांच्या दोन हजेऱ्या उकळते."

चौकटीवर रेशमी जाळी ताणलेली असे. तिला मसाला लावायचा, वर पारदर्शक कागदावर काळ्या शाईने उतरवलेलं चित्र ठेवायचं, काच दाबायची आणि उन्हात धरायची. उन्हाने मसाला घट्ट होई. चित्राच्या काळ्या रेघांखालचा तेवढा मऊ राही आणि पाण्याने निघून जाई. मग उघड्या जाळीतून रबरी पट्टीने शाई ओढायची. ऊन कमी झालं तर सगळंच वाहून जाणार. जास्त झालं तर चित्र 'जळणार', म्हणजे बारीक रेघा उघडणारच नाहीत.

पोटासाठी मास्तर लग्नपत्रिका छापत. जीव मात्र दुसरीकडे होता. रस्त्यात पडलेली चित्रं ते उचलत. काडेपेटीवरचा हत्ती, फटाक्याच्या वेष्टनावरचा पोपट, कॅलेंडरच्या तुकड्यावरचा अर्धा चेहरा. "सापडलं!" असं ओरडून ते भर मेन रोडवर वाकत आणि मागचा सायकलवाला शिव्या देई. एकदा मी भेळ खात होतो, तर कागदाकडे बघत समोर बसून राहिले. "खा, खा. सावकाश खा. पण त्या मोराच्या मानेवर चटणी सांडू नकोस."

सापडलेलं चित्र ते मोठं करून दोन-तीन रंगांत छापत. अकराच प्रती. प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक घालत, पाच भागिले अकरा, सहा भागिले अकरा. अकरावी झाली की जाळी धुऊन टाकत. एका बियाणेवाल्याला त्यांचा कोबी इतका आवडला की त्याने पाचशे प्रती मागितल्या. मास्तर म्हणाले, "पाचशे नावं सांगा, छापतो."

अकराच का, हे मला काकूंनी सांगितलं. मास्तर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर शाळेत होते. पटावर अकरा मुलं. शाळेत चित्रांचं एकच पुस्तक, त्यावरून रोज भांडण. शेवटी पुस्तकच फाटलं. दिवाळीनंतर आईबाप मजुरीला निघाले की मुलंही जात आणि मास्तर रिकाम्या वर्गात हजेरी घेत बसत. छपाई ते निवृत्तीनंतर शिकले. आता त्यांच्या ट्रंकेत अकरा गुंडाळ्या होत्या, प्रत्येकीवर एकेक नाव. "मागच्या वर्षी हिरामण येऊन आपली घेऊन गेला, आता त्याची नवी भरतेय," काकू म्हणाल्या. "पोराला खांद्यावर घेऊन आला होता. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत, नुसते हसत होते."

माझं मात्र कॉलेजात काही खरं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील नांदगावच्या बाजारात हमाल. पहिल्या आठवड्यात हजेरीला मी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "हजर हाये, सर." वर्ग हसला. त्यानंतर मी वर्गात असूनही ओ देईनासा झालो. मग जाईनासाच झालो. काकूंनी खोदून विचारलं, तेव्हा फक्त त्यांना हे सांगितलं होतं. एके दिवशी कॉलेजच्या सूचनाफलकावर माझा हजेरी क्रमांक लागला. हजेरी कमी, आठवडाभरात सुधारली नाही तर परीक्षेचा अर्ज जाणार नाही. मी ट्रंक भरायला घेतली.

मास्तर दारात आले. माझ्याकडे नाही, रिकाम्या ट्रंकेत बघून ओरडले, "सापडलं!"

वडिलांनी ट्रंकेच्या तळाला कुठल्याशा जाहिरातीचा कागद घातला होता. त्यावर पाठीवर पोतं घेतलेला, वाकलेला माणूस.

"मास्तर, मी गावी चाललोय. कायमचा."

"जा की. आधी हे छापू दे. उद्याच्या गाडीने जा."

दुसऱ्या दिवशी कागद परत मागायला मी गच्चीवर गेलो. तिसरी हजेरी चालू होती. अकरावं नाव झालं. मास्तरांनी काच उचलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळू तुकाराम अहिरे."

माझं नाव ऐकूनही मी कागदासाठीच हात पुढे केला.

"मास्तर, चित्र जळेल!" काकू पापड टाकून उठल्या.

"जळू दे. हजेरी पुरी झाल्याशिवाय काच उचलत नाही." त्यांनी मान कलती केली आणि तशीच ठेवली. ऊन काचेवर तळपत होतं. ते आपल्या चित्रांवर किती जीव टाकत, हे मला माहीत होतं.

"हजर हाये," मी म्हणालो.

"मग असं म्हण ना तिथं कॉलेजात!" म्हणत ते मोरीकडे पळाले.

ऊन जास्तच झालं होतं. जाड रेघांचा माणूस नीट उघडला, पण पोत्याच्या बारीक रेघा काही केल्या उघडल्या नाहीत. छापून आला तो नुसता पुढे झुकून भराभर चाललेला माणूस, पाठ मोकळी. मास्तर चुकलेलं चित्र फाडत. हे फाडलं नाही. अकरा झाल्यावर आणखी एक कागद ठेवला आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं, बारा भागिले अकरा.

"मास्तर, हिशेब चुकला," काकू म्हणाल्या.

"पट वाढला," मास्तर म्हणाले.

सोमवारी मी वर्गात उभा राहून म्हणालो, "हजर हाये, सर." दोघं-तिघं हसले. सरांनी मान वर केली आणि वहीत खूण केली.

गच्चीवर आता बारा नावं होऊ लागली. म्हणून मास्तर ती थोडी भरभर घेत. दुपारी मी तिथे नसे. पण काकू सांगत, इतर नावांना ते मान कलती करून थांबतात, तुझ्या नावाला थांबत नाहीत. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं स्वतःच उत्तर देतात, "कॉलेजात गेलाय!"