युसूफची आर्टिस्ट

सकाळी लोक आपापल्या गाड्या धुतात. आमचा युसूफ आपल्या गाडीला चिखल लावतो.

खोटं वाटत असेल तर जुन्या हायवेनं लोधिवलीला या आणि जांभळाखालच्या पत्र्याच्या शेडपाशी थांबा. बादलीत तळ्याकाठची माती कालवलेली, तिच्यात उकळलेल्या चहापत्तीचं पाणी, आणि साठी उलटलेला हा गडी फडक्यानं दारावर शिंतोडे उडवतोय. मधेच मागं सरतो, एक डोळा मिटून बघतो, मोबाईलमधल्या फोटोशी ताडून बघतो आणि बोटानं एक ठिपका पुसून काढतो.

"हा काल नव्हता," म्हणतो. "कंटिन्यूटी बिघडंल."

कंटिन्यूटी हा शूटिंगवाल्यांचा शब्द. काल कॅमेऱ्यात जे जसं दिसलं, ते आजही तसंच दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. पण युसूफच्या तोंडी तो कुठंही येतो. माझी दाढी वाढली तर विचारतो, "दादा, कंटिन्यूटीसाठी ठेवलीस का?"

युसूफचा धंदा गॅरेजचा. पण कर्जत-खालापूरच्या डोंगरांखाली जिकडंतिकडं शूटिंगचे बंगले झाले, तसा त्याला दुसरा धंदा लागला. मालिकेत गरीब मास्तर असतो, नेक इन्स्पेक्टर असतो, पोरीच्या लग्नापायी झिजलेला बाप असतो. त्यांना चालवायला मोडकी गाडी लागते. ती युसूफची. पूर्वी मुंबईत टॅक्सी म्हणून पळायची त्या जातीची, गिअर स्टेअरिंगपाशी. रंग एके काळी पोपटी होता म्हणतात. आता पावसाळ्यातल्या भिंतीसारखा आहे. एक दिवा डोळा आल्यासारखा. मागचा बंपर तारेनं बांधलेला, आणि ती तारसुद्धा ठरलेल्या ठिकाणी गंजलेली.

तिला गाडी म्हटलेलं त्याला चालत नाही. ती आर्टिस्ट. शेडपाशी कुणी मोठ्यानं बोललं की तो सांगणार, "हळू बोल रं, आर्टिस्ट रातपाळी करून आलीय."

लोकांना वाटतं ती खटारा आहे. तसं नाही. तिचं इंजिन उघडून बघा, माझ्या ताटापेक्षा स्वच्छ. एका हाकेला सुरू होते. शूटिंगमध्ये नेमकी हीच अडचण. डायरेक्टरला पाहिजे असतं की मास्तर घाईत आहे आणि गाडी बंद पडते. ही पडतच नाही. मग युसूफ सीटखाली हात घालून बसवलेलं एक बटण दाबतो, ती खोकते, थरथरते, मरते. मागं डिकीत धुपाटणं ठेवून धूर काढतात. एकदा तिथला एक पोरगेला माणूस म्हणाला, "काका, मस्त भंगार आहे." युसूफ तीन दिवस जेवला नाही नीट. "बंद पडायची अ‍ॅक्टिंग करते ती," मला सांगत होता. "बंद पडनारी गाडी कुनीबी आनील. बंद न पडता बंद पडून दाखवनारी आना म्हनावं."

टीव्हीसुद्धा तो गाड्यांसाठीच बघतो. माणसांची नावं त्याला ठाऊक नसतात. "तो पांढऱ्या मोठ्या गाडीवाला आज लबाडी करनार बघ," म्हणतो, आणि तो करतोच. त्याचा हिशेब सरळ आहे. पडद्यावर ज्याच्या गाडीला धक्का मारावा लागतो तो माणूस चांगला. एकदा एका मालिकेत नेक इन्स्पेक्टरनं नवी कोरी गाडी घेतली. युसूफ उठून बसला. "बिघडला," म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्या इन्स्पेक्टरनं खरोखरच पैसे खाल्ले.

त्यानं लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, आर्टिस्टला सवत आनली तर ती कामं सोडंल. जेवायला आमच्याकडं. माझी बायको पारू त्याला ओरडत ओरडत वाढायची आणि तो हसत हसत जेवायचा. त्यांची भांडणं ऐकायला मी मुद्दाम ओटीवर बसायचो.

वाटीचं भांडण तर गावभर झालं. एका सीनमध्ये काच जवळून दिसली, आणि तेव्हाच काचेवर कावळा घाण करून गेलेला. सीन अर्धाच झाला, बाकीचा पुढच्या शूटिंगला. आता घाण तशीच राहायला पाहिजे. वरून आभाळ आलेलं. युसूफ धावत आमच्याकडं आला, चुलीपासची स्टीलची वाटी उचलली आणि त्या घाणीवर पालथी घालून चिकटपट्टीनं बसवली. पारू शोधते तर वाटी नाही. जांभळाखाली जाऊन बघते तर काचेवर वाटी.

"युसूफ, माझ्या वाटीखाली काय हाय रं?"

"भाबी, कंटिन्यूटी हाय."

पारूनं कोपरा उचलून बघितलं. नंतर ती वाटी तिनं घरात घेतली नाही. "मेल्या, तुझ्या बाईला त्यातच जेवू घाल," म्हणाली. ती वाटी आजही शेडमध्ये आहे. नटबोल्ट ठेवायला.

आता त्या दाराचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आर्टिस्टचं पुढचं डावं दार शेडच्या खांबाला घासलं, तेव्हापासून ते मालकाचंही ऐकत नव्हतं. आपटलं की उघडून परत यायचं. गावात ते एकाच माणसाच्या हातानं लागायचं, आमच्या पारूच्या. बाहेर उभं राहून मूठ धरून जरा वर उचलायची, कमरेनं रेटायची, आणि गाईला गोठ्यात घालावं तसं त्याला बोलायची. "बस गं बाय, कुटं निघालीस." दार टक करून बसायचं.

एकदा शूटिंग बघायला युसूफ आम्हां दोघांना घेऊन गेला. सीन साधा होता. लेक म्हाताऱ्या बापाला गाडीत बसवते आणि हातानं दार लावते. ती नटी गोरी, नाजूक. तिनं दार लावलं, दार परत आलं. पुन्हा लावलं, पुन्हा आलं. म्हातारा झालेला नट आत बसून घामानं निथळला. डायरेक्टर तापला. कुणीतरी म्हणालं, दुसरी गाडी मागवा. युसूफचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या घरातलं कुणी नापास झालंय.

पारू खुर्चीवरून उठली. लुगडं खोचलं. त्या नटीला म्हणाली, "सरक गं पोरी." दार उचललं, कंबर लावली. "बस गं बाय, कुटं निघालीस." टक.

मग डायरेक्टर म्हणाला, हाच हात पाहिजे.

म्हणजे नटीचा चेहरा आणि पारूचा हात. त्यांनी तिच्या हाताला पावडर थापली. भात लावून लावून काळी झालेली बोटं, पावडर लागते कुठं. नटीच्या बांगड्या सांध्यावर अडल्या, त्या साबणानं चढवल्या. आणि कॅमेरा सुरू झाल्यावरही ही बाई दाराशी बोललीच. कानाला यंत्र लावलेला माणूस हसायला लागला. त्यांनी पुढं टीव्हीवर दाखवताना आवाज कापला, हात ठेवला. परत येताना एक बांगडी काही केल्या निघेना, तर राहू द्या आजी म्हणाले. पितळेची, सोनेरी पाण्याची. ती तिनं कधीच काढली नाही. तिला शेवटचं पोचवताना बायका काढायला लागल्या, तेव्हा मीच म्हणालो, ती असू दे.

तो हात टीव्हीवर आला तेव्हा आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पापणी लवते तेवढा वेळ दिसला. पण सगळ्यांनी ओळखला. पारू म्हणाली, "हात काय बघताय, दार कसं बसलं ते बघा." आणि युसूफ भिंतीला टेकून उभा, जणू आर्टिस्ट आणि पारू, दोघी त्याच्याच घरच्या.

मग पारू आजारी पडली. पनवेलला दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. त्या दिवसांत युसूफला फोन यायचे, मालिका चालू होती. तो एकच सांगायचा, "आर्टिस्टच्या तारखा नायत." फोन ठेवायचा आणि गाडी आमच्या दाराशी लावायचा. मालिकेवाल्यांनी शेवटी मास्तरला बसनं फिरवायला सुरुवात केली. शेवटी शेवटी पारूला बाहेर उभं राहून दार लावायचं बळ राहिलं नाही, ती पुढं बसून राहायची. युसूफ वळसा घालून यायचा आणि ती आतून शिकवायची. "उचल जरा. आता कंबर लाव. गाडी तुझी आनि तुला येत नाय." त्याला कधीच पहिल्या दमात जमलं नाही.

ती गेली. सगळं गाव येऊन चार शब्द बोलून गेलं. युसूफ आला, बसला, लाकडं आणली, पोरांना चहा दिला, आणि तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. तेव्हा नाही, नंतर नाही. जेवण आता मी करतो, करपवतो, तो जेवतो. कावळ्याची गोष्ट नाही, वाटीची नाही, हाताची नाही. मी विषय काढला की उठून बादली घ्यायचा. मला राग होता. ज्या बाईच्या हातचं एवढी वर्षं खाल्लं तिचं नाव घ्यायला जीभ झिजते का तुझी, असं मनात यायचं.

परवा मोठ्या सिनेमाची माणसं आली. हा सिनेमा टीव्हीचा नव्हे, थेटरातला. युसूफ आयुष्यभर याच दिवसाची वाट बघत होता. आर्टिस्टला एकदा भिंतीएवढी बघायची आणि मग डोळे मिटायचे, असं तो म्हणायचा. त्यांच्यातला सेट सजवणारा आर्टवाला गाडीभोवती फिरला आणि खूश झाला. सगळ्या सिनेमाभर हिरो हीच गाडी चालवणार. रंग असाच, पोचे असेच, तार अशीच.

"फक्त हे दार करून घ्या," तो म्हणाला. "सारखं चढणं-उतरणं आहे."

मी समोर बाकड्यावर बसलो होतो. युसूफनं दाराकडं बघितलं. अर्ध्या तासाचं काम त्याच्या हाताला.

"दार नाय होनार," तो म्हणाला.

"का?"

"कंटिन्यूटी हाय."

"कशाची? कुठली मालिका चालू आहे?"

युसूफनं फडक्याला हात पुसले. पुसतच राहिला. आर्टवाल्यानं दोनदा समजावलं, मग खोपोलीकडं दुसरी गाडी बघायला निघून गेला.

मी त्याच्यावर उखडलो. "येड्या, ती मालिका कवाच संपली. एवढी मोठी संधी आलेली, आनि तू दारावरून घालवलीस?"

"चल दादा," तो म्हणाला. "तुझ्या गोळ्या आनायच्यात ना चौक गावातनं. बस."

मी पुढं डावीकडं बसलो. तो बाहेर उभा राहिला. मूठ धरून दार जरा वर उचललं, कंबर लावली, आणि मी आत आहे हे विसरून, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "बस गं बाय, कुटं निघालीस."

टक. पहिल्याच दमात.

वळसा घालून तो आपल्या जागी येईपर्यंत मी समोर बघत राहिलो. त्यानंही माझ्याकडं बघितलं नाही. गाडी एका हाकेला सुरू झाली.

चौकच्या रस्त्यानं आम्ही जातो तेव्हा नव्या गाड्यांतली माणसं काच खाली करून आम्हाला हसतात. हसू देत. मी कोपर खिडकीत ठेवून ताठ बसतो. हे दार कुणी लावलंय ते त्यांना ठाऊक नाही.