आधी उकिरडा, मंग चहा

हबीब मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी उकिरडा बघत. दारात यजमान हात जोडून उभा, ओट्यावर बाज टाकलेली, चुलीवर चहा उकळतोय, आणि मास्तर घराला वळसा घालून थेट मागं. हातात बाभळीची काठी. ती उकिरड्यात खोल खुपसायची, बाहेर काढून टोकाची ऊब बघायची, वास घ्यायचा, मगच ओट्यावर यायचं. कुणी आग्रह केला की ठरलेलं उत्तर, "आधी उकिरडा, मंग चहा."

माझ्या मेव्हण्यासाठी मुलगी बघायला आम्ही त्यांना बरोबर नेलं होतं. मुलीकडचे पोह्यांच्या बशा घेऊन ताटकळले आणि हे परसात. परत येऊन म्हणाले, "राख अलग, शेण अलग. बिलकुल चांगलं घर हाय. जमवून टाका." मुलगी आम्ही नंतर पाहिली.

उकिरड्यावरून त्यांना घराची सगळी खबर लागायची. कुणाची म्हैस आटली, कुणाकडं पाहुणे राहून गेले, कुणाच्या घरी बाळंतीण आहे. माणूस खोटं बोलेल, उकिरडा खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब उघडतं, ही म्हण कुणी काढली की ते चिडत. "बारा वर्सं काहून थांबायचं मियाँ? एका पावसाळ्यात उघडू की!"

बहात्तरच्या दुष्काळानंतर औरंगाबादच्या एका संस्थेनं आमच्या धावडा गावाच्या आसपास छोट्या छोट्या मदती द्यायचं ठरवलं. खताचा पक्का खड्डा बांधायला सिमेंट, रानात पेरून खतासाठी हिरवाच गाडायच्या तागाचं बी, आणि त्याच घरातल्या पोरांना पाटी-पुस्तकं. मदत कुणाला द्यायची हे ठरवायचं काम मास्तरांकडं. शाळेतून निवृत्त झालेला माणूस. बायको वारलेली, मुलगा हैदराबादेत. मदत वाटणाऱ्यानं कुणाच्या घरचं अन्न खाऊ नये, असा त्यांनी स्वतःच नियम केला होता. चहा चालायचा. तोही उकिरड्यानंतर.

आता माझं सांगतो. मी बैलांचा व्यापारी. बापानं मला नावाशिवाय काही दिलं नाही. जे आहे ते मी बाजारात उभं राहून मिळवलं. आमच्या धंद्यात किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. भोकरदनच्या बाजारात रुमालाखाली मला कुणी हरवलेलं नाही. हरवलं ते एका मास्तरानं, माझ्याच परसात. तो राग अजून गेलेला नाही.

नाल्याकाठचं माझं रान मुरमाड. पाऊस पडला की पाणी वाहून जायचं, जाताना होती ती मातीही न्यायचं. ते रान एकदा काळं झालेलं बघायचं, एवढाच माझा हट्ट होता. शेण माझ्याकडं गावात सगळ्यांत जास्त. खड्डा मलाच मिळणार, यात मला शंका नव्हती.

मास्तर आले. काठी खुपसली. काठीबरोबर फुटक्या पाटीचा तुकडा वर आला.

"सखारामशेठ, हे कोन्तं खत?"

"पाटी फुटली मास्तर. फुटकी वस्तू उकिरड्यावरच जाती."

"मंग नवी काहून न्हाई आणली?"

"आमची पोरगी रुखमी आता शाळंत जात न्हाई. येवढ्या जनावरांचं शेण कोण उचलंल?"

दारात माझी बायको शेवंता उभी होती. मास्तरांनी काठी गवताला पुसली आणि म्हणाले, "खड्डा न्हाई भेटायचा."

माझं डोकं फिरलं. "शेण माझं, रान माझं! पाटीचा अन् खड्ड्याचा काय संबंध?"

"जमिनीला द्यायचं अन् पोरीचं काढून घ्यायचं, असला सौदा आपण करत न्हाई."

सौदा हा शब्द त्यांनी काढला, मी नाही. मी खांद्यावरचा रुमाल ओढला आणि त्यांच्या हातावर टाकला. चार माणसं जमली होती, ती पुढं सरकली. मी दोन बोटं दाबली. "हप्त्यात येवढे दिवस शाळा."

मास्तरांनी मान हलवली. मी तीन दाबली. मान हललीच. चारवर आलो, तरी तेच. मग त्यांनी माझा पुरा पंजा धरला आणि वर आणखी एक बोट दाबलं. सहा. शाळेचे सगळे दिवस.

"अन् शेण?" मी ओरडलो.

"ते तू उचल. बैल तुझे हायत."

माणसं हसली. शेवंताही हसली, ते मला जास्त लागलं.

खड्डा मिळाला. मी रोज सकाळी टोपली डोक्यावर घेऊन शिव्या देत शेण वाहिलं. वाटेवरून लोक विचारायचे, "काय शेठ, आज कोन्ता माल?" पुढच्या हंगामात ताग पेरून फुलायच्या आत गाडला, वर खड्ड्यातलं खत टाकलं. आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात नाल्याकाठच्या रानातली माती मुठीत दाबली, तर मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला. मी तो गोळा घरी आणून शेवंताला दाखवला. रुखमी तेव्हा बियाण्याच्या पिशव्या मोठ्यानं वाचायला लागली होती. दुकानदार मला गेल्या साली उरलेलं बी खपवत होता, ते तिनं पिशवी वाचून पकडलं. "बापावर गेली," मी म्हणालो. "मास्तरवर गेली," शेवंता म्हणाली.

उपकार आहेत, ते मानतो. पण हरलो ते हरलोच. संस्थेचं काम संपलं तेव्हा मी ठरवलं, आता परतफेड. त्याच रानातल्या जोंधळ्याचा हुरडा घेतला आणि मास्तरांच्या घरी गेलो. त्यांचा उकिरडा आजवर कुणी बघितला नव्हता.

"या सखारामशेठ, चाय घ्या."

"चहा मंग. आधी उकिरडा."

मास्तर वाटेत आडवे आले. "अरे, बैठो तो सही. उकिरड्यात काय बघायचंय?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून! मी खुशीत घराला वळसा घातला.

मागं खड्डा होता. कडा सरळ, कोपरे काटकोनात, कुणालाही दाखवावा असा. तळाशी थोडा चहाचा चोथा, कांद्याची सालं आणि ओंजळभर राख.

"आजचाच का?" मी विचारलं.

"न्हाई. पावसाळ्यापासूनचा हाय." मास्तर माझ्यामागं येऊन उभे होते. "एकट्याचा केवढा होणार? भरत न्हाई."

"मास्तर, हे कोन्तं खत?" हे वाक्य किती दिवस मी घोळवून ठेवलं होतं. ते बोललो नाही. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांच्या हातावर टाकला.

"मास्तर, मदत वाटून झाली. आता कुणाच्या घरी जेवलात तर कोण बोलणार हाय?" आणि मी त्यांचा पुरा पंजा धरला, वर एक बोट. "येवढे दिवस आमच्या घरी जेवण."

"येवढं न्हाई रे," ते म्हणाले. मग रुमालाखाली त्यांनी एक बोट हळूच दाबलं.

"इतवार," मास्तर म्हणाले. "रुखमीला सुट्टी ऱ्हाती."

मी घासाघीस केली नाही.

रविवारी शेवंतानं उकिरड्याकडची वाट झाडून ठेवली होती. मी तिथंच जाऊन उभा राहिलो. मास्तर आले, काठी दाराशी टेकवली आणि इकडं न वळता सरळ घरात गेले.

रुखमीनं आम्हा सगळ्यांना पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. मास्तर सावकाश जेवले. उठताना त्यांनी आपली पत्रावळ उचलली.

"ठेवा मास्तर, मी टाकते," रुखमी म्हणाली.

"न्हाई बेटा. माझी मी टाकतो."

ते मागं गेले, पत्रावळ आमच्या उकिरड्यावर टाकली, पायानं नीट दाबली आणि म्हणाले, "हा भरंल."