वरच्या बाईंचं ॲप

मंडळी, आमच्या घरात यंत्रांचा जाणकार एकच, आणि तो म्हणजे मी! मिक्सर अडला, बोलवा मला. इंटरनेटचा दिवा लाल झाला, बोलवा मला. पुढे ते यंत्र चालू होतं की नाही हा मुद्दा वेगळा, पण हात घालायला मी कधी मागेपुढे पाहिलेलं नाही.

आणि का पाहावं? धंद्याने मी कवळ्या बनवतो. घराच्या पुढच्या खोलीतच माझी कार्यशाळा आहे. दंतवैद्य मापं पाठवतात, मी त्यावर दात बसवतो. केसाएवढी चूक झाली तर समोरच्या माणसाचं जेवण बंद! असल्या माणसाला फोन म्हणजे किस झाड की पत्ती?

आमची ही मात्र टॉवर क्रेन चालवते. दोन गल्ल्या पलीकडे रुग्णालयाची नवी इमारत उभी राहते आहे, तिथे. जमिनीपासून सत्तर मीटर वर, काचेच्या एवढ्याशा खोलीत! साइटवर तिला सगळे 'वरच्या बाई' म्हणतात. मी स्टुलावर चढलो तर एका हाताने भिंत धरतो, आणि ही पाठीला डबा लावून रोज सकाळी सत्तर मीटरची शिडी चढते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी त्या क्रेनकडे बघताना माझं तोंड अजून उघडं राहतं. दिवसभर दुसऱ्यांच्या उघड्या तोंडांचे फोटो बघणाऱ्या माणसाचं तोंड उघडं राहणं म्हणजे काय, विचार करा!

तर या बाईसाहेबांनी वाऱ्याचं एक ॲप विकत घेतलं. कुठल्या उंचीवर किती वारा, झोत कधी येणार, सगळं त्यात दिसतं. मलाही ते हवं होतं. तिला मी सांगितलं की प्लास्टरचे साचे वाळवायला वारा बघावा लागतो. खरं कारण वेगळं होतं. खिडकीचा पडदा जरा हलला की मी हातातली कवळी टाकून क्रेनकडे बघतो. खाली एवढा, तर वर केवढा? मला नुसता आकडा बघायचा होता. पण हे बायकोला कोण सांगणार!

"मग विकत घ्या की," ती म्हणाली.

"एका घरात एकच ॲप दोनदा? आपण काय दोन संसार करतोय?"

"बरं. रविवारी मी कुटुंबाचा गट करून देते. माझं खातं माझं, तुमचं खातं तुमचं. विकत घेतलेलं तेवढं दोघांना. तोपर्यंत हात लावू नका!"

"दोन मिनिटांचं काम, त्याला रविवार कशाला?"

"अहो, तुमचे तोंडांचे फोटो माझ्या फोनमध्ये नकोत, म्हणून!"

हे बोलणं झालं बुधवारी. गुरुवारी सकाळी ती सहाला बाहेर पडली. सातला मी गच्चीवर जाऊन माझा नेहमीचा चाळीस मिनिटांचा व्यायाम केला (या व्यायामाविषयी पुढे येईलच) आणि खाली येऊन फोन हातात घेतला. रविवार कुणी पाहिलाय! तिचा पासवर्ड तिनेच एकदा माझ्या डायरीत लिहून ठेवायला दिला होता. माझ्या फोनवरून मी माझं खातं काढलं आणि तिचं घातलं. फोनने सहा आकडी कोड मागितला. तो स्वयंपाकघरातल्या आमच्या जुन्या टॅबवर आपणहून येऊन पडला. मग फोनने विचारलं, "फोटो एकत्र करायचे?" दाबलं हो. "संपर्क?" हो. "मेसेज आणि कॉल?" हो! लग्नात तरी इतक्या वेळा कुठे हो म्हणालो होतो?

वाऱ्याचं ॲप आलं! सत्तर मीटरवर ताशी अठरा किलोमीटर. ठीक आहे म्हणे. मी सुटकेचा श्वास सोडला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पाठ थोपटून होते न होते तोच फोन कुरकुरायला लागला. जागा संपली! बघतो तर तिचे फोटो धो धो येत होते. लोखंडी दोर, हूक, कप्पी, बोल्ट. पुन्हा दोर, हूक, कप्पी, बोल्ट. एक हजार साठ फोटो! माणूस बागेचे फोटो काढतो, भाचीचे काढतो. ही ग्रीस लागलेल्या बोल्टांचे काढते! म्हटलं, तिच्या फोनमध्ये आहेतच की, माझ्या फोनमधला कचरा काढावा. पहिले दहा-बारा बघितले, बोट घसरवत सगळे निवडले आणि उडवले. फोन फुलासारखा हलका झाला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी टिंग झालं. साइट इंजिनिअरचा मेसेज होता, तिला आलेला, पण माझ्या हातात!

"बाई, मोठ्या क्रेनसाठी समिती आज साडेनऊलाच पोचते आहे. तुमच्या रोजच्या तपासणीचे फोटो चहाच्या सुट्टीत पाठवा. सगळं त्यावरच ठरणार आहे."

मोठी क्रेन! एकशे चाळीस मीटर! दोन वर्षं ती या क्रेनची वाट बघत होती. अख्ख्या शहरात ती चालवू शकतील अशी तीन माणसं, आणि त्यात ही एक. रोज कामाआधी दोर, हूक, कप्पी, बोल्ट तपासून त्यांचा फोटो काढायचा, एक दिवसही चुकवायचा नाही, हीच तिची परीक्षा होती. आणि तो सगळा पुरावा मी...

नाही, नाही! तिच्या फोनमध्ये असणारच. टॅब उघडून बघितला. त्यातूनही गायब! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खातं एक म्हणजे फोटोही एकच, आणि एकीकडून उडवला की सगळीकडून उडाला. मला दरदरून घाम फुटला. तिला फोन करावा तर कामावर ती फोन बंद ठेवते.

चष्मा प्लास्टरने माखला होता. तसाच डोळे बारीक करून मी फोटो चाळू लागलो. सगळीकडे तोंडंच तोंडं! इतक्यात एक सापडला. चकचकीत, वळलेला, लोखंडी! हूकच! म्हटलं, देवासारखा एक तरी उरला, समितीला तेवढाच आधार. आणि दिला पाठवून.

दोन मिनिटांत साइटचा भोंगा वाजला. आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. पाठोपाठ मेसेज आला, "हूकला तडा?? आणि ओझं हवेत असताना तुम्ही फोन वापरताय??"

मी ॲप्रनच्या टोकाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तो फोटो मोठा करून बघितला. तो हूक नव्हता! एका निवृत्त मुख्याध्यापिकांच्या खालच्या कवळीची ती धातूची पकड होती. शेजारच्या दाताला धरून बसते ना, ती. मंगळवारीच मोडून माझ्याकडे आली होती. मी तिचा अगदी जवळून फोटो काढला होता. तो इतका स्पष्ट आला होता की तडा पार मुळापर्यंत दिसत होता.

मी ॲप्रनसकट धावत सुटलो. गेल्या एकोणीस वर्षांत मी कशासाठीही इतका धावलो नव्हतो. गेटवर कुणीतरी माझ्या डोक्यावर हेल्मेट आदळलं. आत पन्नास माणसं माना वर करून उभी होती. सत्तर मीटरच्या क्रेनला चार टनांचा अख्खा जिना लटकत होता, आणि तो ती खाली आणत होती. मंडळी, काय सांगू! झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा तो जिना जमिनीला टेकला. धूळसुद्धा उडाली नाही. क्षणभर मी कशासाठी आलोय तेच विसरलो.

मग आठवलं. म्हटलं, आधी गर्दीत मागे उभं राहून अंदाज घ्यावा. तेवढ्यात इंजिनिअर फोन कानाला लावत ओरडला, "थांबा, बाईंचा फोन चालू आहे का तेच बघतो!"

आणि माझा खिसा वाजायला लागला!

पन्नास हेल्मेटं माझ्याकडे वळली. मी मुकाट्याने फोन पुढे केला. समितीच्या प्रमुख, एक ठेंगण्या सुरक्षा अधिकारी बाई, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

मी उत्तर द्यायच्या आतच इंजिनिअरने वॉकीटॉकी उचलला.

"बाई, हूक वाकलाय, तडा गेलाय. फोटो तुमच्याच खात्यातून आलाय!"

वरून तिचा आवाज आला, अगदी शांत. "हूक माझ्या डोळ्यांसमोर आहे. सरळ आहे. फोटोत काय दिसतंय ते सांगा."

"दोन फाटे आहेत. डावा वाकलेला. मुळाशी तडा. मागे काहीतरी गुलाबी आहे."

"गुलाबी?"

"गुलाबी."

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

"ती कवळीची पकड आहे. खालची, डावी बाजू. निवृत्त मुख्याध्यापिकांची. मंगळवारी बदाम फोडताना मोडली. आमचे हे तिथे आले असतील. पांढरा ॲप्रन आणि घामाघूम."

मी थक्क झालो! जेवताना मी रोज तिला माझ्या कवळ्यांच्या गोष्टी सांगतो. ती ताटात बघत नुसती मान हलवते. मला वाटायचं, ऐकत नसेल. आणि इथे सत्तर मीटरवरून, फोटो न बघता, तिने बाजूसुद्धा बरोबर सांगितली!

"अहो," वॉकीटॉकी म्हणाला, "माझ्या खात्यात शिरलात ना? रविवारपर्यंत दम निघाला नाही?"

"चुकलो," मी म्हणालो. "आणि अगं, तुझे सगळे फोटो पण उडवले गं मी! एक हजार साठ!"

सुरक्षा अधिकारी बाईंनी वही मिटली. बायकोने दोन वर्षं बघितलेली वाट मी एका बोटाने पुसली होती.

"रडू नका," वरून हुकूम आला. "फोटो उघडा. अगदी खाली जा. 'अलीकडे हटवलेले' दिसतंय? तीस दिवस तिथेच असतात. सगळे निवडा. आता 'परत आणा' दाबा. लाल बटण नको!"

माझं बोट लाल बटणावरच होतं! ते मी विस्तवावरून उचलावं तसं उचललं. पन्नास माणसांनी श्वास रोखला होता. दाबलं. आणि आले हो, धो धो आले! दोर, हूक, कप्पी, बोल्ट!

सुरक्षा अधिकारी बाई एकेक तारीख बघत गेल्या. दोनशे बारा दिवस. एकही खाडा नाही. पण रोजच्या त्या चार फोटोंनंतर एक पाचवाही होता. उडवताना तो बोल्टांच्या गर्दीत मी धड बघितलाच नव्हता. पाचव्या फोटोत सकाळ होती. एका दिवशी धुकं इतकं, की वर फक्त पाण्याच्या टाक्या आणि एक मनोरा तरंगतोय. एका दिवशी ढग खाली आणि ही ढगांच्या वर! एका दिवशी सगळ्या खिडक्या एकदम सोन्याच्या. मी इथे जन्मलो, वाढलो, पण हे शहर इतकं सुंदर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ती रोज हे बघते आणि संध्याकाळी घरी येऊन मुकाट्याने माझ्या कवळ्यांच्या गोष्टी ऐकते! माझे डोळे भरून आले.

"पण हे मधोमध काय आहे?" सुरक्षा अधिकारी बाईंनी फोटो मोठा केला.

मधोमध एक गच्ची होती. गच्चीवर खुर्ची. खुर्चीत एक गृहस्थ, पाय स्टुलावर, चहात बिस्किट बुडवतोय. दुसऱ्या दिवशीचा फोटो उघडला. तोच गृहस्थ, तीच खुर्ची, तेच बिस्किट. तिसऱ्या दिवशी तेच. वेळ बरोबर सात वाजून दहा मिनिटं. माझ्या चाळीस मिनिटांच्या व्यायामाची वेळ!

मी हेल्मेट शक्य तितकं खाली ओढलं.

"बाई, हा पाचवा फोटो कशासाठी?" इंजिनिअरने वॉकीटॉकीत विचारलं.

"दूरवरचं स्पष्ट दिसतंय का ते तपासायला. त्यासाठी रोज एकच वस्तू बघावी लागते. ठरलेल्या जागेवरची आणि न हलणारी."

पन्नास माणसं हसली. सुरक्षा अधिकारी बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि म्हणाल्या, "इतकी काटेकोर तपासणी मी आजवर पाहिली नाही. मोठी क्रेन तुमची!"

रविवारी तिने चार मिनिटांत कुटुंबाचा गट केला. तिचं खातं तिचं, माझं माझं, वाऱ्याचं ॲप दोघांचं. ॲप उघडून देताना ती एवढंच म्हणाली, "साचे वाळवायला एकशे चाळीस मीटरवरचा वारा बघत जा आता." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं!

सोमवारी मी लाजेकाजेस्तव खुर्ची बाजूला सारली आणि गच्चीवर खरोखर उड्या मारल्या. सव्वासातला तिचा मेसेज आला, "खूण हलते आहे. आज कागद भरता येत नाहीये. बसा!"

सोबत मोठ्या क्रेनच्या सरकारी तक्त्याचा फोटो होता, खाली सुरक्षा अधिकारी बाईंची सही आणि शिक्का. तक्त्यात लिहिलं होतं: दृश्यमानतेची खूण, गच्चीवरील पती. स्थिती, कायम स्थिर.

मी खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली, पाय स्टुलावर घेतले आणि बिस्किट बुडवलं. आता एवढ्या उंचीवरच्या कामाची जबाबदारी अंगावर आहे म्हटल्यावर, व्यायाम कसा करणार, तुम्हीच सांगा!