असा सभासद अस्तित्वात नाही

कोणतीही संस्था सभासदांच्या जोरावर नव्हे, तर त्यांना दिल्या जाणाऱ्या मानाच्या जोरावर उभी असते. रहिमतपूरच्या एका वाचनालयाने हे तत्त्व थेट संकेतस्थळापर्यंत नेले. परिणामी वर्षभरात तिथे एकही परका माणूस शिरू शकला नाही. (एक सोडता आपलाही शिरला नाही, पण सुरक्षिततेत दुजाभाव करता येत नाही.)

सतरा तक्रारी झाल्यावर कार्यकारिणीने सांगलीहून संयोगिताला बोलावले. ती संगणक अभियंता होती. शिवाय गतवर्षी वारलेले सभासद नारायण यांची मुलगी, म्हणजे घरचीच. सबब चहा पुरेसा होता.

संयोगिताचेही तिथे काम होते. वडील वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर आपल्या खात्यात शेरा लिहीत. ते शेरे तिला हवे होते. तिने त्यांचे नाव आणि वहीत सापडलेला पासवर्ड टाकला. उत्तर आले : ‘असा सभासद अस्तित्वात नाही.’ तिने पुन्हा टाकले. संगणक ठाम होता. चौथ्या वेळी तिलाही ते पटू लागले, तेव्हा तिने प्रोग्राम उघडला.

प्रोग्राम टाकलेले नाव नोंदीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहत होता. नोंदीत चारशे बारा नावे होती. पैकी चारशे दहांआधी ‘मा.’, एकाआधी ‘कै.’.

“ज्ञानूकाका, हे मा. तुम्ही लावलंत?”

“व्हय. गेल्या वर्धापनदिनाला समदी नावं नीट केली,” कारकून ज्ञानू म्हणाला. “मोठी माणसं ताई, उघड्या नावानं कशी घालायची?”

“पण आत येताना ते स्वतःला मा. लिहीत नाहीत.”

“लिवत न्हाईत? बोलताना तर म्हणत्यात!”

“आणि तुमचं?”

“माझं काय, नुसतं ज्ञानू.”

(वर्षभरात आत जाऊ शकलेला एकमेव सभासद.)

संयोगिताने चार ओळी लिहिल्या : जुळवणीआधी नावाची उपाधी कापावी. मा., श्री., सौ., ह.भ.प., सुभेदार, साहेब. ‘कै.’ शेवटी राहिले. चहा निवला. मग तिने तेही यादीत घातले.

‘स्वागत आहे, नारायण.’

एकशे चाळीस शेरे. ‘पहिली शंभर पाने संयम ठेवला. पुढे तोही संपला.’ ‘लेखक हुशार आहे, हे त्याने आपल्याला कळू द्यायला नको होते.’

“ज्ञानूकाका, चष्मा पुसायला काही आहे?”

ज्ञानूने टेबलाचे फडके दिले.

सहावा शेरा चालू असताना अध्यक्ष जयराजसाहेब दुरुस्तीचे उद्घाटन करायला आले. त्यांनी पासवर्ड टाकला. ‘स्वागत आहे, जयराज.’

“आमची आई गेल्यापासनं मला नुसतं जयराज कुणी म्हटलं न्हाई,” अध्यक्ष म्हणाले. (भावुक होऊन नव्हे.)

दुरुस्ती उद्घाटनाच्याच सभेत रद्द झाली. ठराव असा : प्रोग्राम निर्दोष आहे, सभासदांनीच आपली उपाधी स्वहस्ते टाकावी. तासाभरात तीनशे अठ्ठ्याण्णव जण विनासायास आत आले. बारा जण अडकले, कारण त्यांनी ज्ञानूने दिले त्यापेक्षा जास्त लावले होते.

संयोगिता आता सांगलीतून रोज एक शेरा वाचते. त्यासाठी वडिलांच्या नावाआधी एक अक्षर आणि एक टिंब तिला स्वतः टाकावे लागते. पहिल्या दिवशी बोट बराच वेळ अधांतरी राहिले. आता सराव झाला आहे.

वाचकांनीही सभासद व्हावे. उपाधीची काळजी नसावी. ‘मा.’ द्यायचे की नाही हे कार्यकारिणी ठरवते. दुसरी उपाधी मात्र प्रत्येकाला, अर्ज न करता, मिळते.