आर्चबिशपांची खुर्ची

शहरात नवं कॅथेड्रल बांधलं त्या साली, म्हणजे शहाऐंशीत, आर्चबिशपांची खुर्ची करायचं काम भिवंडीच्या तुळशीराम सुताराला मिळालं. खुर्ची पसंत पडली तर बाकंही त्यालाच मिळणार होती. बाकांचं दोन वर्षांचं काम होतं, त्या काळजीने तुळशीराम महिनाभर धड जेवला नव्हता.

खुर्ची टेंपोत चढली आणि त्याची आई, आक्का, आडवी आली.

"कोरं आसन दारातनं जायाचं न्हाय. आदी घरच्या म्हाताऱ्यानं बसाचं."

घरची रीतच तशी होती. तुळशीरामचे वडील, दाजी, टेंपोत चढून खुर्चीत बसले आणि उठायला तयार होईनात.

"कंबर लय सुखावली रं. आता तिथंच उतरतो."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तुळशीरामने नाइलाजाने खुर्चीबरोबर दाजींनाही दोरीने बांधलं. वाटेत पूर्णे गावात एकाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि दाजींनी हात वर करून आशीर्वादही दिला.

कॅथेड्रल काँक्रीटचं होतं, वर सुपासारखं छप्पर. दाजींना फाटकातच उतरवून तुळशीरामने खुर्ची आत नेली. फादर सिल्वेस्टर तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "या एका आसनामुळे या चर्चला कॅथेड्रल म्हणतात. इथे बसून आर्चबिशप सगळा धर्मप्रांत सांभाळतात. दुसरं कुणी यावर बसत नाही."

तुळशीरामने झटकन वळून पाहिलं. मागून दाजी येत होते. "काय बोलू नका," तो त्यांच्या कानात पुटपुटला.

तेवढ्यात म्हातारे आर्चबिशप स्वतःच काठी टेकत आले. "दिसायला सुरेख आहे. पण बसायला कशी आहे, कोण सांगणार?"

"मी सांगतो," दाजी म्हणाले. "भिवंडीपास्नं बसून आलोय."

फादर सिल्वेस्टर पांढरेफटक पडले. दोन वर्षांचं काम हातचं गेलं, हे तुळशीरामला कळून चुकलं.

"कंबर धरली का?" आर्चबिशपांनी विचारलं.

"न्हाय. धरलेली सुटली."

आर्चबिशप सावकाश खुर्चीत टेकले आणि त्यांनी पाठ मागे लावून डोळे मिटले.

"जुन्या खुर्चीने माझी वीस वर्षं कंबर मोडली," ते म्हणाले. "धाकापायी तिच्यात कुणी बसूनच बघितलं नव्हतं. फादर, बाकं यांनाच द्या. पण प्रत्येक बाकावर आधी हे बाबा बसले पाहिजेत."

दाजी आता नाहीत. पण ती दोन वर्षं आठवली की तुळशीरामला अजून भरून येतं. दिवसभर नुसते बसून असता, म्हणून आक्का दाजींना जन्मभर बोलत आली होती. त्या दोन वर्षांत मात्र दाजी रोज सकाळी टोपी घालून तिला सांगायचे, "ड्युटीवर चाललो."