पावलावरची जांभळी रेघ

लिंबाजीमामांच्या पाया पडायला कोणी वाकलं की मामा उडी मारायचे. नुसते मागे सरकायचे नाहीत, पायाजवळून विंचू गेल्यासारखी उडीच मारायचे आणि वर ओरडायचे, “सरळ उभा ऱ्हा! कण्याला काय झालं तुझ्या?” निलंग्याकडच्या एका लग्नात नवरा-नवरी दोघं एकदम वाकले, तेव्हा मामा मागे न बघता उडाले ते थेट वाजंत्र्यांच्या ढोलावर जाऊन बसले. ढोल फुटला. वरात नुसत्या सनईवर निघाली, पण मामांचा नियम काही मोडला नाही.

आम्ही बौद्ध. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा मामांना मिसरूड फुटत होतं. “त्याच दिवशी ठरवलं,” ते सांगायचे, “कुणाच्या पायाशी वाकायचं न्हाई, आन् कुणाला वाकू द्यायचं न्हाई. हद्द कायम.”

‘हद्द कायम’ हा मोजणी खात्यातला शब्द. दोन शेजाऱ्यांचा बांधावरून वाद लागला की मोजणीदार जातो, साखळी टाकतो, जुन्या खुणा शोधतो आणि दगड रोवून देतो. झाली हद्द कायम. मामा मोजणीदार होते आणि हा शब्द त्यांनी कचेरीतून घरी आणला होता. चहात साखर दोन चमचे, हद्द कायम. खाट खिडकीखाली, हद्द कायम. भाच्यानं पहाटे उठून अभ्यासाला बसायचं, हद्द कायम.

तो भाचा म्हणजे मी. सख्खा नव्हे. मामा माझ्या आईच्या गावचे, एवढंच नातं. आमच्या घरात अंगठा सोडून सही करणारा पहिला माणूस मी. मॅट्रिकनंतर पुढे काय, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. मामी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मामांनी मला लातूरला आणलं आणि म्हणाले, “दोन खोल्या हायत. एकीत मी, एकीत तुझी पुस्तकं. तू कुठं बी झोप.” पुस्तकं तेव्हा तीनच होती, तरी मी कितीतरी दिवस दारात झोपलो.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. भाड्याच्या इमारतींवर रोज एखाद्या नव्या कचेरीची पाटी चढायची आणि प्रत्येक कचेरीला जागा मोजून हवी असायची. मामा सकाळी निघायचे ते धुळीनं पांढरे होऊन दिवेलागणीला यायचे. “जिल्हा सायबांनी केला,” पाय झटकत ते म्हणायचे, “पर चालून मोजला मी.”

त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. विहिरींनी तळ दाखवला, रानात फक्त काटेरी सराटे उरले आणि गल्लीत टँकर यायला लागला. आणि नेमकी तेव्हाच मामांना तहान लागली.

सारी गल्ली पाणी पुरवून वापरत होती आणि मामा तांब्यावर तांब्या रिकामा करत होते. शेजारच्या पद्मिनबाई टँकरच्या रांगेतूनच ओरडायच्या, “अवो मामा, नळी सरळ तुमच्या तोंडातच सोडायची का?” मामा हसायचे आणि पुन्हा प्यायचे. पट्ट्याला नवी भोकं पडत गेली. एक दिवस ते कोणालाही न सांगता दवाखान्यात जाऊन आले आणि साखरेचा डबा पद्मिनबाईंच्या ओट्यावर ठेवून म्हणाले, “साखर बंद, हद्द कायम.” मला वाटलं, दुष्काळ आहे, काटकसर करत असतील.

पुढच्या आठवड्यात विहारात एक मुलगा पास झाल्याच्या आनंदात भान विसरून मामांसमोर वाकला. आम्ही सगळे उडीच्या तयारीनं बाजूला झालो. मामांच्या मागे समई होती, ती कोणीतरी उचललीसुद्धा. पण मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले.

“थांब,” ते म्हणाले. “डाव्याला न्हाई लागला. परत कर.”

मुलानं परत केला.

“आता लागला. जा.”

ही बातमी गल्लीभर झाली. इतकी वर्षं ज्यांना मामांनी हाकललं होतं, ते सगळे वाकून घ्यायला आले. मामा सकाळी चपला काढून ओट्यापाशी उभे राहायचे, डोळे घट्ट मिटून. “हलक्या हातानं. अजून हलक्या हातानं. करंगळीला लाव.” कोणी म्हणालं, कलेक्टर कचेरी आली तशी लिंबाजीला हवा लागली. कोणी म्हणालं, म्हातारपणी बुवा झाला. पद्मिनबाईंनी तर तोंडावर विचारलं, “उद्यापासून नारळ आणायचा का फुलावर भागंल?”

मला लाज वाटत होती. कॉलेजात मी मामांचा नियम मोठ्या अभिमानानं सांगितला होता. एका संध्याकाळी मी त्यांचेच शब्द त्यांना विचारले, “मामा, लोकांच्या कण्याचं काय झालं?”

मामांनी दार लोटलं, खाटेवर बसले आणि पाय वर घेतले. त्यांच्याकडे बघितल्यावर माझा राग उतरला. हा माणूस घाबरलेला होता.

“मला साखरेचा रोग हाय,” ते म्हणाले. “डॉक्टरनं नळीत निळं औषध घातलं, माझी लघवी घातली आन् दिव्यावर धरली. हिरवं झालं. पिवळं झालं. म्हटलं, आता थांबंल. थांबलं न्हाई रे. पार विटकरी झालं.”

“गोळ्या दिल्या असतील ना?”

“दिल्या. मग त्यानं इचारलं, पायाला कळतंय का सगळं. मी छाती काढून सांगितलं, कळतंय. आन् जिना उतरून रस्त्यावर आलो तर एक पाय अनवाणी. चप्पल वरच राहिली होती. मला पत्ताच न्हाई.”

मला हसू आलं. मामांना आलं नाही.

“दादाला तू बघितलं न्हाईस,” ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, उदगीरच्या मोंढ्यात धान्याची पोती वाहायचे. “एक दिवस वहाणंतून खिळा वर आला. दिवसभर त्याच पायानं पोती टाकली दादानं. सांजच्याला घरी आला तर सारवलेल्या भुईवर लाल पावलं उमटली. वैनी वरडली, अगं बाई, रगत कुणाचं? तर दादा बी हिकडं तिकडं बघाय लागला, रगत कुणाचं म्हणून.”

त्यांनी स्वतःची पावलं उलटी करून तळवे बघितले.

“ह्योच रोग होता. कुणाला ठावं होतं तवा. गुडघ्याखालनं काढला पाय. मग दादा बोलायचाच बंद झाला. मग गेला.” त्यांनी स्वतःच्या अंगठ्याला चिमटा काढला. “म्हणून नमस्कार. वाकणाऱ्याला ठावं नसतं आपुन काय तपासतोय ते. त्याचा हात न सांगता येतो. तो खरा.”

“मग लोकांना खरं सांगून टाका की.”

“आन् हाफिसात कळलं तर? मला टेबलाला बांधत्याल. मोजणीदाराला पायाबिगर हाय काय?”

त्या दिवसापासून तपासणीचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी मामा डोळे मिटायचे आणि मी कापसाच्या वातीच्या टोकानं त्यांच्या पावलावरून बोटांकडून घोट्याकडे जायचो. जिथे ‘लागलं’ म्हणायचे तिथे थांबायचो. मग मामा नकाशावर खुणा करायची पेन्सिल जिभेवर ओली करायचे आणि पावलावर जांभळी रेघ ओढायचे. रेघेच्या पुढे बोटं. ती मुकी. रेघेच्या मागे मामा.

“बोटं त्यानं घेतली,” रोगाचं नाव न घेता ते म्हणायचे. “घेऊ दे. पर शेजारी जसा बांध कोरतो, रोज नांगराची एक रेघ आत सरकतो, तसं हितं चालायचं न्हाई. ह्या रेघंच्या अलीकडं पाय ठेवला तर गाठ माझ्याशी. हद्द कायम.”

बोलायचे असं, पण रेघ वाकडी यायची. पंचवीस वर्षं शेतांच्या हद्दी सरळ आखणारा हात. मग मी पाऊल धरून ठेवायचो.

भीतीनं मामांनी नवे नियम केले. रानातले उंदीर उपासमारीनं घरात शिरत होते. मुक्या पायाला ते कुरतडतात असं कुठेतरी ऐकून मामा कॅनव्हासचे बूट घालून, नाड्यांची दुहेरी गाठ मारून झोपायला लागले. घरातसुद्धा चालताना पुढची भुई काठीनं झाडायचे. चप्पल घालण्याआधी उलटी करून तीनदा आपटायचे आणि आत हात घालून बघायचे. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांच्या चपलाही आपटून ठेवायचे. पाहुण्यांना वाटायचं, निघा म्हणताहेत.

डॉक्टरांनी रोज पाय धुवायला सांगितलं होतं. दुष्काळात! मामा अर्ध्या तांब्यात दोन्ही पाय धुवायचे आणि पद्मिनबाई भिंतीवरून बघायच्या. “प्यायला पाणी न्हाई आन् ह्यांचं पाय धुणं चाललंय. नवरदेव हायेत का?” मामा एक दिवस नुसते पाय पुसत राहिले. पद्मिनबाईंची नजर त्या जांभळ्या रेघेवर गेली, मग बोटांवर. साखरेचा डबा त्यांना आठवला असावा. दुसऱ्या दिवशी टँकर गेल्यावर आमच्या दाराशी एक भरलेली कळशी होती. मी परत द्यायला गेलो तर त्या आतूनच म्हणाल्या, “ठिव तिथं. पाय धुवायला हाय म्हणावं. आन् मी नारळाचं बोलले ते मनावर घेऊ नका म्हणावं.”

मी पदवीधर झालो. नांदेडच्या एका कचेरीतून नेमणुकीचा हुकूम आला. मामांनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत विचारलं, “गोड हाय का? लई गोड हाय का?” स्वतः हात पाठीमागे बांधून उभे.

पण मी गेल्यावर पाय कोण बघणार? मी म्हटलं, “मामा, इथंच काहीतरी बघतो.” मामा कडाडले, “तुझ्या घराण्यात पहिला हुकूम आलाय, आन् तू माझ्या पायाशी बसणार? कण्याला काय झालं तुझ्या?” शेवटी एक तडजोड झाली. निघताना शेवटची मोजणी करायची. रेघ जागेवर असली तर मी जायचं. सरकली असली तर नाही.

त्यानंतर मामा उन्हातान्हातही पायमोजे घालायला लागले. म्हणाले, सराटे लई झालेत. संध्याकाळची तपासणीही मला करू देईनात. “तुझी बांधाबांध कर. माझं मी मोजतो. आयुष्यभर तेच केलंय.”

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर ते बाकावर बसले आणि चपला काढल्या. पायमोजे राहू दे म्हणाले, वरूनही चांगलं कळतंय. डोळे मिटून घेतले. “हं. उजव्याला आधी.”

मी वाकलो. एवढ्यात खांद्यावरची पिशवी घसरली, म्हणून मी दोन्ही हातांनी तिचा बंद धरला.

“लागला,” मामा म्हणाले.

मी तसाच थांबलो. बंद माझ्या हातातच होता.

“डावा बी लागला. झ्याक लागला. जा आता. हद्द कायम.”

मी पिशवी खाली ठेवली आणि हळूच त्यांचा उजवा पायमोजा टाचेखालपर्यंत सरकवला. मामांना ते कळलं नाही. रेघ घोट्याच्या वर, पायमोज्याचा काठ होता तिथं होती. तिच्या खाली जुन्या, अर्धवट धुतलेल्या जांभळ्या रेघा एकीखाली एक. रोज एकट्यानं आखलेल्या, रोज थोड्या वर. टाचेत एक सराटा मोडून आत गेला होता आणि भोवतीची कातडी सुजून लाल झाली होती.

“नांदेड, नांदेड!” कंडक्टर ओरडला. “पाया पडून झालं का न्हाई? चढा लवकर!”

“जाऊ द्या,” मी म्हणालो.

गाडी गेली. धूळ खाली बसली तेव्हा मामांनी डोळे उघडले आणि आधी गाडीची रिकामी जागा बघितली, मग मला.

“येड्या, गाडी गेली की.”

“दुसरी येईल. आधी दवाखान्यात जायचं. टाचेत सराटा आहे.”

“मग जातो की मी. तुझी नोकरी...”

“मामा, तुम्ही लागला म्हणालात तेव्हा माझे हात पिशवीला होते.”

मामांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी पाय बाकाखाली ओढायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. अगदी हळू आवाजात म्हणाले, “मग आता लाव.”

मी स्टँडच्या फरशीवर बसलो. कोणाच्या पायाला हात लावायचा नाही हे मला शिकवलेल्या माणसाच्या दोन्ही पावलांवर मी दोन्ही तळहात टेकवले आणि तसेच ठेवले. आजूबाजूची माणसं वळून बघत होती. त्यांना वाटलं असेल, पोरगा गावाला निघालाय, आशीर्वाद घेतोय.

“कळतंय का?” मी विचारलं.

मामा माझ्या हातांकडे बघत होते.

“दिसतंय,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे थोडा येळ.”